तांबड्या घोडीच्या पायाची नळी

पुण्यात माझ्या खोलीतल्या फळीवर, पुस्तकांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेलं एक हाड आहे. वीतभर लांबीचं. एका टोकाला सांध्याचा गुळगुळीत उंचवटा, दुसऱ्या टोकाला तिरकं मोडलेलं. माझ्या सोबत राहणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा पुस्तक काढताना ते फडकं उघडलं आणि दचकून मागे सरला. मी म्हणालो, "अभ्यासाचं आहे." त्याने विश्वास ठेवला. तो पुन्हा आंघोळ करून आला आणि त्या फळीला नंतर कधी हात लावला नाही.

ते आमच्या तांबड्या घोडीच्या पुढच्या उजव्या पायातलं हाड आहे. गुडघ्यापासून खाली खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत जे सरळ हाड असतं, त्याला आमच्याकडे नळी म्हणतात. ती कशी मोडली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण चुकीचं ठाऊक होतं. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि दुसरे घोडीची देखभाल करणारे चाचा.

आम्ही कास्तकार. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना सडकेपासून थोडं आत आमचं गाव. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या वावरांतल्या कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. त्या वर्षांत लोकांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. माझ्या वडिलांनी दोन गोष्टी केल्या. अमरावतीची शाळा संपल्यावर मला पुण्याच्या कॉलेजात घातलं, आणि एक घोडी घेतली. आमच्या घरात माझ्या आधी कोणी सहीसुद्धा करत नव्हतं. गावातले लोक म्हणत, "पाटलानं दोन जनावरं पोसली हायेत. पाहू कोणतं पुढं पळते ते." वडील हसत. मीही हसायचो.

घोडीबरोबर तिची निगा राखणारे मोतद्दार आले. म्हातारे, बारीक अंगाचे, एलिचपूरच्या छावणीत रिसाल्यातल्या घोड्यांची सेवा करून केस पिकलेले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. घोड्यावर बसायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याजवळ पिवळं पडलेलं एक जुनं हाड होतं, ते खोगिराच्या चामड्यावर घासून चामडं मऊ करत. त्यांच्या पहिल्या घोड्याची नळी. एक टोक करवतीने कापलेलं होतं, त्यामुळे हाडाची भिंत किती जाड आहे ते दिसे. समोरच्या बाजूला ती माझ्या अंगठ्याएवढी जाड होती आणि मागे बरीच पातळ.

"पाह्य बापू," ते म्हणत, "अल्लानं पहिल्यापासून असं नाही देल्लं. पळून पळून झालं हे."

त्यांची घोडी तयार करण्याची रीत मला फार आळशीपणाची वाटे. बहुतेक दिवस ते तिला नुसतं चालवत. दर तिसऱ्या दिवशी गावच्या पांधणीत, म्हणजे गाड्यांनी दगडासारख्या झालेल्या कोरड्या वाटेवर, एका वावराच्या धुऱ्यापासून पुढच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत जीव तोडून पळवत. असं फक्त दोनदा. मग हाताने धरून घरी. घरी आल्यावर दोन्ही नळ्यांवरून तळहात फिरवत, डोळे मिटून, जणू कोणाची नाडी पाहत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच. नळी थंड लागली तर पुढे. कोमट लागली तर आठवडाभर काही नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी पुण्यात हिवतापाने पडलो आणि घरी आलो. बरा झालो तरी संक्रांतीपर्यंत राहा, असं आईने म्हटलं. कापूस वेचणीला आला होता. वडील गाड्या घेऊन अकोल्याच्या बाजारात जात, एकेक खेपेला दहा-पंधरा दिवस तिकडेच राहत. त्यातच अमरावतीच्या एका अडत्याने त्यांना चार लोकांत डिवचलं. त्याच्याकडे मुंबईहून आणलेला अरबी घोडा होता.

"पाटील, तुमची घोडी पळाची हाय का वखराले जुंपाची? कापूस लय पिकला तं आता घोडे बी पिकवता काय वावरात?"

वडिलांनी तिथल्या तिथे शब्द दिला. संक्रांतीनंतर, अमरावतीच्या वेशीपासून बडनेऱ्यापर्यंत, रेल्वेच्या कामासाठी मुरूम आणि खडी दाबून केलेल्या नव्या सडकेवर. घरी येऊन ते मला म्हणाले, "पोरा, तू शिकेल हायेस. मी अकोल्याले राह्यतो. घोडीचं तू पाह्य. चाचाले विचारून घेत जा."

मी पहिलं वाक्य ऐकलं. शेवटचं मी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. ऐकलं, आणि बाजूला ठेवलं.

माझं म्हणणं असं होतं. बैलगाडीचा आस जितका फिरतो तितका झिजतो. हाडही तसंच असणार. मग कडक पांधणीत घोडीची नळी ठोकून घ्यायची कशाला? आपल्याजवळ काळी जमीन आहे. मूग काढून वखरलेलं एक वावर मोकळं होतं, पाय घोट्यापर्यंत रुतेल असं भुसभुशीत. तिथे रोज पळवावं, लांब पळवावं, दम वाढवावा आणि हाड सडकेसाठी राखून ठेवावं. गावात ज्याला त्याला हे पटलं. आमच्या लोकांना काळ्या मातीवर शंका घ्यायची सवयच नाही. ती खायला देते, अंगावर वस्त्र देते, त्या वर्षांत तर तिने चांदी दिली. तिच्यात कोणाचा पाय मोडेल असं कोणाच्या मनात येणार?

चाचांच्या मनात आलं. ते धुऱ्यावर उभे राहून तीन दिवस पाहत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "बापू, दम वाढून राहिला. हाड नाही वाढून राहिलं."

"हाड काय वाढते चाचा? ते काय भेंडी हाय?"

माझ्यामागे दोन-तीन पोट्टे उभे होते, ते हसले. चाचांनी धुऱ्यावरच्या निंबाच्या बुंध्यावर हात ठेवला.

"हे पाह्य. वारा लागते त्याले, म्हणून बुडाशी एवढं जाड झालं. घरामांगं आडोशाले लावलं असतं तं बारीक राह्यलं असतं. अन् मंग एक दिवस वादळ आलं असतं. हाडाले बी थोडा मार लागते. थोडा. मंग त्याले वेळ द्याचा, ते सोताले बांधते."

पोट्टे माझ्याकडे पाहत होते. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी आठवली की आजही माझे कान गरम होतात. मी इंग्रजीत एक वाक्य म्हटलं. पुण्यात वाचलेल्या एका पुस्तकातलं, भार आणि झीज असे शब्द त्यात होते. मोठ्याने म्हटलं. पोट्टे गप्प झाले. चाचांनी विचारलं, "म्हंजे काय बापू?" मी म्हणालो, "तुमाले नाही समजणार."

चाचा म्हणाले, "बरं." त्या दिवसापासून ते मला बापू म्हणेनासे झाले, छोटे पाटील म्हणू लागले.

दोन महिने घोडी काळ्या मातीत पळाली. तिचं अंग तांब्याच्या भांड्यासारखं चकाकू लागलं. तीन फेऱ्या मारूनही ती फुरफुरत नसे. जो येई तो म्हणे, कॉलेजचा गुण पाहा. मला ते फार आवडत असे. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी ती वाक्यं पुन्हा मनात म्हणत असे, हेही लिहून टाकतो.

शर्यतीला आठ-नऊ दिवस राहिले तेव्हा मला वाटलं, सडकेची ओळख तरी करून द्यावी. मग सलग पाच दिवस मी तिला त्या खडीच्या सडकेवर पूर्ण वेगाने पळवलं. चाचा म्हणाले, एक दिवसाआड करा. मी म्हणालो, दिवस कुठे आहेत? सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला गोठ्यात बोलावलं. माझा हात धरून घोडीच्या उजव्या नळीवर ठेवला.

"गरम हाय का थंड?"

मला काही कळलं नाही. मला घोडीचा पाय घोडीच्या पायासारखाच लागला. पण कळलं नाही असं म्हणणं जिभेवर येईना. मी म्हणालो, "थंड हाय. ठीक हाय."

"गरम हाय, छोटे पाटील. दाबलं की पाय उचलून राहिली. आता पंधरा-वीस रोज नुसती चालवा. पाटील अकोल्याहून आले की त्याइले सांगा, शर्यत पुढं ढकला. मी सांगतलं असतं, पण घोडी त्याइनं तुमच्या हाती देल्ली. तुमीच सांगा."

वडील शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आले. उंबऱ्यातच विचारलं, "घोडी कशी हाय?" मी म्हणालो, "ठीक हाय." माझ्या मनात लबाडी होती असं मला वाटत नाही. त्या सकाळी गोठ्यात चाचांना जे बोललो होतो त्याच्याविरुद्ध बोलायची हिंमत नव्हती, इतकंच. पण त्याने घोडीला काय फरक पडला?

शर्यतीत घोडीवर मीच बसलो. तापाने माझं वजन उतरलं होतं. चाचांनी लगाम माझ्या हातात दिला तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते आणि मी रिकिबीकडे पाहत होतो. अर्धी सडक होईपर्यंत आम्ही अरबी घोड्याच्या पुढे होतो. घोडीचा श्वास शांत होता. मी तर मनात वडिलांचा चेहरा पाहायलाही लागलो होतो. मग आवाज आला. मोठा नव्हता. कापसाची वाळलेली पऱ्हाटी पायाखाली मोडते तसा. घोडी अजून चार-पाच ढांगा पळाली, आणि मग तिच्या अंगाखाली पुढचा उजवा पाय नव्हताच.

मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. लोक धावत आले. अडत्याची माणसंही आली, आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "सांगतलं होतं, वखराले जुंपा." त्याला त्याच्याच माणसांनी गप्प केलं. अमरावतीच्या कॅम्पातून एक शिपाई बंदूक घेऊन येईपर्यंत चाचा खडीवर बसून घोडीचं डोकं मांडीवर घेऊन होते. तिच्या कानात काहीतरी बोलत होते.

ते झाल्यावर वडिलांनी विचारलं. चाचांनाच विचारलं, कारण घोड्याचे पाय कळणारा माणूस तिथे तोच होता.

"चाचा, पायात पहिले काई होतं का?"

चाचांनी घोडीच्या पायावर हात ठेवला. मग म्हणाले, "नळी गरम होती, पाटील."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

मी तीन हातांवर उभा होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहावी तसं पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की त्यांनी सांगितलं होतं, मला सांगितलं होतं. चार शब्द. सगळं गाव उभं होतं. अडत्या उभा होता. मी सदऱ्याच्या फाटलेल्या बाहीवरची खडी झटकत राहिलो.

"चुकलं," चाचा म्हणाले.

"उद्यापासून तुमी येऊ नका," वडील म्हणाले. रागातही त्यांनी तुमी म्हटलं.

चाचा दुसऱ्या दिवशी अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाडीवर बसून गेले. मी घराच्या मागच्या दाराने वावरात गेलो होतो. चार दिवसांनी मी पुण्याला निघालो.

पुण्यात आल्यावर घरी पत्र लिहावं असं रोज वाटे. पण माझं पत्र गावात शाळेचे पंतोजी वाचून दाखवत आणि ऐकायला ओसरी भरत असे. सगळ्यांसमोर वडिलांना हे कसं ऐकवायचं, असं मी स्वतःला विचारत असे. चाचांना मात्र सगळ्यांसमोरच ऐकावं लागलं होतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही.

मग एक दिवस ते इंग्रजी वाक्य पुस्तकात शोधलं. का शोधलं ते सांगता येत नाही. कदाचित ते वाक्य बरोबर निघालं तर आपला दोष थोडा कमी होईल, अशी आशा असेल. वाक्य सापडलं. त्याच्या आधीचं पान मी पूर्वी वाचलं नव्हतं, ते वाचलं. ते सगळं नदीवरच्या पुलाच्या दगडी खांबांविषयी होतं. दगड स्वतःला बांधत नाही, म्हणून त्याची झीज मोजावी लागते. त्या दिवशी मी खाणावळीत गेलो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पोहोचलो. वडील विहिरीवर बैलांना पाणी पाजत होते. मी तिथेच सांगितलं. हात कुठे ठेवावेत हे मला समजत नव्हतं, म्हणून मी दोर धरला होता. सगळं सांगितलं. गोठ्यातलं, उंबऱ्यातलं, सडकेवरचं. वडिलांनी बैलांना पाणी पाजून घेतलं. मग इतकंच विचारलं, "मी काय केलं असतं, असं वाटलं तुले?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मी कशाला भ्यालो होतो?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दमणी जुंपली. आमच्या ओळखीचे बैल, आमची ओळखीची सडक, आणि अकोल्यापर्यंत त्यांनी माझ्याशी बैल आणि पाणी यापलीकडे एक शब्द काढला नाही. चाचा तिथे एका कापसाच्या आवाराला लागून असलेल्या तबेल्यात कामाला होते. वडिलांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि सगळ्या मोतद्दारांसमोर, अगदी मोठ्या आवाजात, म्हणाले, "चाचा, तुमी सांगतलं होतं. या पोरानं मले सांगतलं नाही. चूक माह्या घरची हाय."

मग माझ्याकडे पाहिलं. मीही बोललो. माझा आवाज इतका बारीक निघाला की पलीकडच्या एकाने "काय म्हणते?" असं विचारलं, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

चाचा आत गेले आणि दोन हाडं घेऊन आले. एक चामडं घासायचं. दुसरं नवीन, पांढरं. घोडीला ओढून नेणाऱ्या लोकांकडून त्यांनी तो पाय मागून घेतला होता. दोन्ही त्यांनी ओट्यावर शेजारी ठेवली. जुन्या नळीची समोरची भिंत अंगठ्याएवढी जाड. तांबडीची त्याच्या निम्मीही नव्हती. मग त्यांनी माझं बोट धरून तांबडीच्या नळीच्या समोरच्या अंगावरून फिरवलं. तिथे गुळगुळीत हाडावर एक पातळ, खरखरीत थर चढलेला होता, चुन्याचा हात मारल्यासारखा.

"हे नवं हाय," ते म्हणाले. "त्या पाच रोजात मार लागला, मंग तिनं बांधाले घेतलं होतं. गरम तेच लागत होतं. वीस रोज भेटले असते तं बांधलं असतं तिनं."

वडिलांनी तो थर बोटाने तपासला आणि तोंड फिरवलं. मग म्हणाले, "घरी चला, चाचा."

चाचा हसले. "आता नाही, पाटील. इथली जनावरं माह्या हातावर बसली. त्याइले सोडून कसा येऊ?" मग पांढरं हाड फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. "हे तुमी ठेवा, छोटे पाटील."

मला वाटलं झालं, आता निघायचं. पण त्यांनी मला तबेल्यात नेलं. एक कोवळा घोडा बांधला होता, अडीच-तीन वर्षांचा. ते त्याच्याजवळ उकिडवे बसले, मलाही बसवलं, आणि माझा तळहात त्याच्या नळीवर ठेवला. वडील दारात उभे होते. मोतद्दार काम थांबवून पाहत होते.

"गरम हाय का थंड?"

मी डोळे मिटले. केस लागले, त्याखाली कातडी, त्याखाली काहीतरी टणक. घोड्याने पाय हलवला नाही. मी हात तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला. घाम माझ्या तळहाताचा होता की घोड्याच्या पायाचा, तेही मला सांगता येईना.

"मले समजत नाही, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात काढून बाजूला केला आणि तिथे स्वतःचा ठेवला.

"हेच तवा म्हणाचं होतं, बापू."